नावासाठी तीस घरं

डी मॉइन, फेब्रुवारी, उणे एकोणीस.
पार्किंगपासून ऑफिसपर्यंत
रस्त्याला पायही लावावा लागत नाही,
इमारतींच्या पोटांतून काचेचे पूल गेलेत.
रात्री दोन वाजता त्यांच्यात मी
आणि एक फरशी पुसणारं यंत्र.

काम तसं एवढंसं.
ज्यांचे हप्ते थकले त्या पॉलिसी शोधायच्या,
उजाडायच्या आत पत्रं काढायची.
अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी
मी ते रेक्समध्ये लिहून टाकलं होतं:
तेवीस ओळी, वर शेरा, "तात्पुरतं".
तात्पुरत्याइतकं टिकाऊ
या इमारतीत दुसरं काही नाही.

रेक्स म्हणजे वाण्याला दिलेली चिठ्ठी.
तो एक ओळ वाचतो, उठतो,
फळीवरून डबा काढतो, परत येतो,
पुढची ओळ वाचतो.
दहा गिऱ्हाइकं असली तर किती आपुलकी!
आता चाळीस लाख आहेत,
आणि प्रत्येकासाठी तो तीच चिठ्ठी
पहिल्यांदाच पाहिल्यासारखी वाचतो.
पाचला एजंटांचे पडदे उघडतात.
काल आम्हाला पावणेसहा झाले.

कोबॉल म्हणजे खरेदीखत.
लिहून देणार कोण, घेणार कोण,
पूर्वेस काय, पश्चिमेस काय,
अक्षरं किती, आकडे किती,
दशांशचिन्ह कुठे मानायचं
(मानायचं फक्त, त्याला जागा द्यायची नाही),
आणि चौदा पानांनंतर कुठे पहिलं क्रियापद.
पण एकदा नोंदणी झाली
की परत कुणी वाचत बसत नाही.
थेट ताबा.

"काय करू?" मी व्हर्ना लुंडग्रेनला विचारलं.
ती जूनमध्ये निवृत्त होणार.
तिने नुसता अंगठा मागे केला,
भिंतीवर टाचलेल्या पत्राकडे.

ते माझंच पाप आहे.
रेक्समध्ये ज्या चलाला तुम्ही काही दिलं नाही
ते आपलं नावच आपली किंमत म्हणून सांगतं.
ओरडत नाही, थांबत नाही.
मी घाईत एक ई गिळला होता,
आणि ओटम्वा गावच्या एका बाईंना पत्र गेलं:
प्रिय मिसेस लास्टनम.
त्यांचं उत्तर निळ्या शाईत आलं.
"माझं नाव हॉस्टेट्लर. बावन्न वर्षं तेच आहे.
हप्ता भरते आहे. तुमच्याकडे
माणसांना नाव विचारायची पद्धत नाही का?"

म्हणजे कोबॉलच, असं मी म्हणणार
तर नजर गळ्यातल्या बिल्ल्यावर गेली.
तो व्हर्नाच्या जुन्या कोबॉलने छापलेला.
आडनावाला दहाच घरं,
म्हणून या मजल्यावर मी गंगाखेडक.
ते यंत्रही ओरडलं नव्हतं.
शेवटची दोन अक्षरं मुकाट कापली
आणि पुढच्या माणसाकडे वळलं.

एक भाषा विचारत नाही.
दुसरी एकदाच विचारते, तेही आधी,
तुम्ही अजून आलेलेच नसता तेव्हा.

साडेतीनपर्यंत लिहीत बसले.
नावाला तीस घरं दिली.
हॉस्टेट्लर नऊ घरांत मावल्या,
मागे एकवीस रिकामी;
असू देत, उद्या कुणी लांब नावाचं येईल.
चाळीस लाखांचं दळण कोबॉलकडे.
रेक्सला काढलं नाही मी,
फाइली मांडायच्या, काम सुरू करायचं,
अडलं तर मला उठवायचं,
पोरासारखा तो धावतो त्यात.

चार वाजून दहा मिनिटांनी निकाल आला: शून्य.
इथे शून्य मिळालं की पास.

व्हर्नाने जाता जाता एक गोष्ट सांगितली होती.
कोबॉलची ओळ बहात्तराव्या रकान्यात संपते.
पलीकडे आठ घरं उरतात,
तिथे काहीही लिहा, यंत्र बघत नाही.
तिच्या प्रोग्रॅमांत मी ती कधी पाहिलीच नव्हती.
आज उघडून पाहिली:
"बर्फ". "बर्फ". "मका वर". "पूर".
"आई गेली". "ऊन".

माझ्या पहिल्या ओळीच्या टोकाला
मी लिहिलं: उणे १९.